दुसऱ्या ‘मी’चे नामकरण : रुग्णवृत्तांतातील नावे आणि त्यांचे कर्ते

एकाच देहात अनेक व्यक्ती वावरत असल्याचे सांगणारे रुग्णवृत्तांत बहुधा निदानाच्या अंगाने वाचले जातात. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांतील वेगळाच प्रश्न खुणावतो : या व्यक्तींना नावे कोणी दिली? अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९९४ साली ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ ही संज्ञा टाकून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ ही संज्ञा स्वीकारली. (मराठीत रूढ असलेल्या ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ या शब्दाने या विकाराची स्किझोफ्रेनियाशी गल्लत होते, ती वेगळीच.) त्या वेळच्या निदानपुस्तिकेनुसार, मूळ नाव धारण करणारी व्यक्ती बहुधा निष्क्रिय, परावलंबी आणि खिन्न असते, इतरांची नावे आणि स्वभाव वेगळे असतात. ही नावे कोठून येतात, याचे उत्तर मात्र वृत्तांतांतच शोधावे लागते.

पिएर जाने या फ्रेंच तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाने १८८६ साली प्रसिद्ध केलेला ल्युसीचा वृत्तांत येथे मूलभूत ठरतो. संमोहनोत्तर अवस्थेत ल्युसीचा हात तिच्या नकळत प्रश्नांची लेखी उत्तरे देत असे. ऐकणारी ल्युसी नसून दुसरीच कोणी आहे, असे हाताने लिहिल्यावर जाने तिला नाव देऊ या म्हणतो. हात नकार देतो. नाव असले तर सोयीचे पडेल, असा आग्रह होताच ‘आद्रिएन’ हे नाव उमटते. म्हणजे नावाची गरज जानेची, पण शब्द ल्युसीच्या हाताचा. पुढे १८८९ च्या ग्रंथात जाने स्वतःच नोंदवतो की नामकरणानंतर ती अबोध व्यक्ती अधिक स्पष्ट आणि निश्चित झाली. या प्रसंगावरून सारे काही वैद्याने रचले असा निष्कर्ष काढणारे वाचक ल्युसीचा नकार विसरतात. ते सारे आपोआप प्रकटले असे मानणाऱ्यांना जानेचा आग्रह दिसत नाही.

बॉस्टनच्या मॉर्टन प्रिन्सने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या मिस बोशाम्पच्या वृत्तांतात नावांचे थर अधिक दाट आहेत. ‘बोशाम्प’ हे तर वैद्याने दिलेले टोपणनाव. त्याखाली त्याने बी-१, बी-३, बी-४ असे प्रयोगशाळेतील नमुन्यांसारखे क्रमांक दिले. त्यांतील बी-३ क्रमांकावर थांबली नाही. ती प्रथम ‘ख्रिस’ झाली आणि पुढे ‘सॅली’. हे दुसरे नाव तिने एखाद्या पुस्तकातून उचलले असावे, असे प्रिन्सला वाटते. बी-४ ला ती ‘मूर्ख’ म्हणून हाक मारी. क्रमांक लावणाऱ्या ग्रंथकाराच्या शेजारी पात्रच नावे वाटू लागते, आणि ग्रंथाचा सर्वांत जिवंत भाग तिथेच आहे.

थिग्पेन आणि क्लेक्ली यांच्या ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ (१९५७) मधील नावे एखाद्या नीतिनाट्यात शोभावीत अशी : ईव्ह व्हाइट, ईव्ह ब्लॅक, आणि त्यांच्यानंतर अवतरणारी जेन. मात्र ‘ब्लॅक’ हे वृत्तांतात त्या विवाहितेचे माहेरचे आडनाव म्हणून येते. अर्थात टोपणनावांच्या या जोडीमागे एक खरा भेद आहे : एक स्वत्व सासरच्या आडनावाने ओळखले जाते आणि दुसरे ते आडनाव नाकारते. लग्नात तांदळात वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा परिचित असलेल्या मराठी वाचकाला याचे मर्म वेगळे सांगावे लागू नये. ही स्त्री, ख्रिस कॉस्टनर साइझमोर, हिने १९७७ साली ‘आय अॅम ईव्ह’ या सहलिखित आत्मकथनातून स्वतःची बाजू मांडली. वैद्यांच्या तीन स्त्रियांपलीकडेही आपल्यात अनेक जणी होत्या, असे ती सांगते. त्यांतील काहींची नावे बायबलशी नाते न सांगता वस्तू-छंदांवरून पडलेली दिसतात : जांभळी बाई, स्ट्रॉबेरी मुलगी, कासवांची बाई. वैद्यांच्या ग्रंथातील प्रतीकात्मकता येथे नाही. घरगुती टोपणनावांचा मोकळेपणा मात्र आहे.

‘सिबिल’ (१९७३) या गाजलेल्या पुस्तकाविषयीचा वाद सर्वश्रुत आहे. नावांपुरती त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची. हर्बर्ट स्पीगेल या मानसोपचारतज्ज्ञाने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितलेल्या आठवणीनुसार, सिबिल म्हणून ओळखली गेलेली स्त्री त्याच्याकडे आली असता, आपण आता हेलन व्हायचे का, असे विचारी; एका भावनेला ते नाव तिच्या उपचारकर्त्या डॉक्टरांनी दिले होते. ही आठवण ग्राह्य धरली, तर भावनेचे विशेषनाम होताना येथे दिसते. त्या स्त्रीचे दुःख मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

भारतीय संदर्भ येथून पुढे तुलनेसाठी उपयोगी पडतो. मराठी मुलखात ‘अंगात येते’ तेव्हाही ‘तू कोण?’ हाच प्रश्न विचारला जातो. परंतु उत्तरात येणारे नाव आधीपासून गावाच्या माहितीतले असते : देवीचे, पीराचे, किंवा अकाली मेलेल्या कोणाचे. प्रश्नकर्ता नाव वदवून घेतो; ते नव्याने घडवावे लागत नाही. उलट ज्याच्या अंगात येते त्याचेच नाव तेवढ्यापुरते बाजूला पडते आणि त्याला ‘झाड’ म्हटले जाते. २०१३ सालच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने काही संस्कृतींत संचार म्हणून वर्णिल्या जाणाऱ्या अनुभवालाही याच विकाराच्या निकषात जागा दिली. निदानाच्या सोयीसाठी ते योग्य असेलही. पण आद्रिएनला नाव मिळाले ते दोघांच्या खाजगी संवादात, आणि झाडाच्या तोंडून निघणारे नाव ऐकणाऱ्या साऱ्यांना आधीच ठाऊक असते. रुग्णवृत्तांत आणि संचारकथा शेजारी ठेवून वाचताना हा फरक निकषाच्या एका ओळीत मावत नाही.