रेणू रेणूला 'ओळखतो' म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, निर्जीव रेणू 'ओळखतो' असं तुम्ही म्हणालात, ते नुसतं बोलण्यापुरतं का?" आज त्यावरच बोलू.

ॲप्टामर म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा. तो अशी घडी घेतो की एखादा ठरावीक रेणू तिच्यात नेमका बसतो. हे नाव १९९० साली एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी दिलं. लॅटिन 'आप्टस', म्हणजे जुळणारा. हा धागा कुणी आराखडा काढून बनवत नाही बरं का. असंख्य वेगवेगळे धागे घ्यायचे, चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच.

आता थिओफिलिन घ्या. दम्यावरचं जुनं औषध. माझ्या थोरल्या भावाला कित्येक वर्षं चालू होतं. रक्तात कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर धडधड, उलट्या, झटकेसुद्धा. म्हणून प्रमाण मोजावं लागतं. आणि पेशंट तर सकाळी चहा पिऊन आलेला! चहातलं कॅफीन आणि थिओफिलिन यांच्यात फरक फक्त एका मिथिल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. १९९४ मध्ये जेनिसन, पोलिस्की वगैरे मंडळींनी थिओफिलिन एका भरावावर पक्कं बसवलं, त्यावर आरएनएचे धागे सोडले आणि मग वरून कॅफीन ओतलं. जे धागे कॅफीनबरोबर निघाले ते टाकून दिले. अशा निवडीतून जो धागा हाती लागला, तो थिओफिलिनला कॅफीनपेक्षा १०,००० पट घट्ट धरत होता.

दिङ्नागाचा अपोहवाद आठवतो का? 'गाय' या शब्दाचा अर्थ काय, तर गाय नसलेल्या सगळ्यांना वगळणं. वर्गात इतकी वर्षं शिकवला. तो प्रयोगशाळेत भेटेल असं वाटलं नव्हतं.

पण धाग्यानं रेणू धरला, हे आपल्याला कळणार कसं? त्यासाठी धागा पृष्ठभागाला बांधतात. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथं प्लॅक्सको आणि हीगर यांच्या गटानं रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनसाठी हे केलं. डीएनएच्या धाग्याचं एक टोक गंधकाच्या साहाय्यानं सोन्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू हा रंग. धागा मोकळा हलतो तोवर रंग सोन्याजवळ येतो आणि वीज वाहते. थ्रॉम्बिन बसलं की घडी ताठ होते, रंग लांब राहतो, प्रवाह घटतो. औषधं चाळायलाही असा पृष्ठभाग कामाचा: ॲप्टामरनं धरलेल्या प्रथिनावर एकेक रेणू सोडायचा आणि कोण ती पकड सोडवतो ते पाहायचं.

मात्र इथं एक गोम आहे. धागाच तुटला किंवा सोन्यावरून सुटला, तरी प्रवाह घटणारच! मग थ्रॉम्बिन आलं असं कशावरून म्हणायचं? म्हणून पृष्ठभाग धुऊन पुन्हा मोजतात. थ्रॉम्बिन निघून गेल्यावर प्रवाह पूर्ववत झाला, तर धागा शाबूत आहे. शिवाय शेजारी अक्षरांचा क्रम विस्कटलेला दुसरा धागा बांधून ठेवतात. त्याच्याही प्रवाहात तेवढीच घट दिसली, तर पहिल्याची साक्ष ग्राह्य धरायची नाही.