शिल्लक शिधा आणि गांवची चूल

आषाढी वारीसाठीं शेगांवाहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेड या वाटेनें पंढरपुरास जाते. मार्गांतील गांवें शेंकडों वारकऱ्यांस जेवूं घालतात. अखंड हरिनाम सप्ताहांतही तोच प्रकार. घरटी धान्य गोळा होतें, रांधणारे व वाढणारे गांवचेच असतात, आणि काल्याच्या दिवशीं हजार माणूस जेवून उठलें तरी कोणास नवल वाटत नाहीं. अर्थात् समुदायासाठीं रांधण्याची विद्या आपल्या जिल्ह्यास नव्यानें शिकवावयास नको. प्रश्न एवढाच कीं, सप्ताह संपल्यावर तीं मोठीं पातेलीं वर्षभर देवळाच्या खोलींत पालथीं कां पडावींत?

दिवाळीनंतर जिल्ह्यांतील अनेक गांवांतून व तांड्यांतून मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढली; परंतु घर राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची चूल पेटली कीं नाहीं, हें पाहणारें बहुधा कोणी नसतें. ज्या हातांनीं आपलें खळें भरलें, तेच हे हात. आतां त्यांस जातें सोडाच, पाण्याची घागरही उचलवत नाहीं.

दुसऱ्या बाजूस शिल्लक किती आहे तें पाहावें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालाप्रमाणें 2022 सालीं जगांत सुमारें 105 कोटी टन अन्न वायां गेलें, व त्यांतील साठ टक्के घरोघरचें होतें. आपल्याकडे लग्नाच्या मांडवांत वायां जाणारें अन्न सर्वांस दिसतें. शेतांत वायां जाणारें दिसत नाहीं. भाव कोसळला कीं कोबी व टमाटे बांधावर टाकले जातात, कारण बाजारापर्यंतचें भाडेंही सुटत नाहीं. कणगीच्या तळाशीं जुनी ज्वारी राहते ती निराळीच.

या दोन शिलकांत भेद केला पाहिजे. लग्नांतील उरलेलें अन्न दुसऱ्या दिवशीं गरिबास देणें यांत धोकाही आहे व अपमानही. भातांत असे सूक्ष्म जंतु असतात कीं, त्यांचीं बीजें शिजवूनही मरत नाहींत. भात कोमट राहिला म्हणजे त्यांपासून विष तयार होतें, आणि तें पुन्हां गरम केल्यानें जात नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शिल्लक द्यावयाची ती शिधा म्हणून, चुलीवर चढण्यापूर्वीं द्यावी. उष्टें-शिळें देणारा उपकार करतो. शिधा देणारा पंगतींत वांटेकरी होतो.

शिधाही पारखून घ्यावा. बुरशी लागलेलें धान्य अगर शेंगदाणा मुळींच घेऊं नये. त्यांतील विष शिजवून नाहींसें होत नाहीं. औषध चोळलेलें बियाणें कितीही धुतलें तरी खाण्याच्या उपयोगाचें नव्हे. फवारलेली भाजी औषधावर छापलेली मुदत संपल्यावरच तोडावी.

खर्चाचा अदमास कठीण नाहीं. चाळीस माणसांच्या एका वेळेस ज्वारीचें पीठ सहा किलो, तुरीची डाळ दोन किलो व भाजी पांच किलो पुरे होते. गांवांतील साठ घरांनीं हें काम अंगावर घेतलें व रोज सहा घरांतून एकेक माणूस आलें, तर प्रत्येक घराची पाळी दहाव्या दिवशीं येईल. पाळी स्त्रियांवरच ढकलूं नये; सप्ताहांत भट्टीवर उभे राहणारे पुरुष येथेंही उभे राहूं शकतात. अन्न शिजतांच पंगत बसवावी व उरेल असें रांधूंच नये.

शेजारच्या नांदेडास गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. तेथें भाजी चिरण्यापासून भांडीं घासण्यापर्यंतचें काम सेवा मानतात, आणि देणारा व घेणारा एकाच रांगेंत बसतो. ही एक गोष्ट आपण अवश्य उचलावी. ज्याची पाळी असेल त्यानें त्याच पंगतींत जेवावें, आणि ज्या वृद्धांस बसल्याजागीं लसूण सोलणें अगर डाळ निवडणें होईल त्यांस तें काम मानानें द्यावें. म्हणजे कोणी कोणाच्या दारीं आला असें होत नाहीं.

हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. कोणाकडून काय आलें, किती लोक जेवले, काय शिल्लक राहिलें, हें रोजचें रोज लिहून दर एकादशीस चावडीवर वाचावें. चांगलीं सार्वजनिक कामें पैशांच्या तुटीपेक्षां संशयानें अधिक बुडतात.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बिदरच्या बादशहाचीं कोठारें रयतेस खुलीं केलीं, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकतों. त्यांनीं दुसऱ्याचें धान्य दिलें, म्हणून तेथें शिराशीं गांठ होती. आपणांस आपल्याच कणगींतील पायलीभर ज्वारी व दहा दिवसांतून एक सकाळ द्यावयाची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वींच गांवांत मागें कोण राहणार याची यादी करावी, आणि मार्गशीर्षांत एक वेळच्या जेवणानें आरंभ करावा. टोळ्या परत येतील त्या दिवशीं त्यांचीं माणसें त्यांस धडधाकट भेटावींत, एवढेंच या चुलीचें काम.