उजनीत मासा खोल गेला? नवं जाळं घेण्याआधी खोली मोजा

उन्हाचा चटका वाढला की उजनीच्या काठावरच्या गावांत एकच बोलणं सुरू होतं: मासा खोल गेला. काल-परवापर्यंत काठाजवळ लागणारा माल कमी होतो, खेप रिकामी येते. मग दुकानातून जड शिशाचं नवं जाळं आणायचं का, की मोबाईलवर व्हिडिओत दिसलेलं महागडं गळाचं सामान मागवायचं, याचा विचार सुरू होतो. त्यासाठी बचत गटाचं किंवा व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतलेलं पैसे घालायचे म्हटल्यावर आधी थोडा हिशेब केलेला बरा. कारण बहुतेक वेळा सामान कमी पडत नाही, ते चुकीच्या खोलीवर सोडलेलं असतं.

आधी पाण्याचं समजून घेऊ. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारली की छातीपर्यंत पाणी कोमट लागतं आणि पायाला एकदम गार झोंबतं, हे सगळ्यांना माहीत आहे. धरणातही तसंच होतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. वारा जोराचा असेल तर वरचं-खालचं ढवळून निघतं, पण वारा पडलेला आणि ऊन कडक असेल तर दोन थर वेगळे राहतात.

इथं एक अडचण आहे आणि ती उजनीत जास्त आहे. खालचा थर वरच्या हवेपासून तुटतो. तळाशी गाळ, मेलेलं शेवाळ, वरून नदीतून आलेली शहराची घाण कुजत असते आणि ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मुळा-मुठेचं पाणी भीमेत येतं आणि भीमेचं उजनीत, हे काही नव्यानं सांगायला नको. प्राणवायू संपलेल्या तळाला मासा थांबत नाही. तो गार पाण्याच्या वरच्या कडेला, म्हणजे श्वासही घेता येईल आणि चटकाही लागणार नाही अशा मधल्या पट्ट्यात लटकून राहतो. म्हणजे मासा खोल गेला हे खरं, पण तळाला गेला असं नाही. जड शिसं लावून जाळं थेट तळाला बसवलं तर ते माशाच्या खाली पडतं. रात्रभर तिथंच राहतं आणि सकाळी गाळ घेऊन वर येतं.

हिवाळ्यात उलट. पौष-माघात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळं पाणी वरखाली मिसळतं आणि तळालाही प्राणवायू पोहोचतो. त्या दिवसांत तळाला लावलेलं जाळं चालतं. तेच जाळं, तीच जागा, फक्त महिना वेगळा.

आता मोजायचं कसं? महागडं यंत्र नसलं तरी चालतं. गवंड्याचा ओळंबा किंवा अर्धा किलोचं कुठलंही वजन दोरीला बांधा आणि दर वावेला एक गाठ मारा. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, पण आपल्या हाताची वाव टेपनं एकदा मोजून घ्या, म्हणजे घोळ नको. ज्या पट्ट्यात जाळं लावता तिथं चार-पाच ठिकाणी ओळंबा सोडा. गेल्या वर्षीची खूण यंदा चालणार नाही. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वर्षी भरलेल्या धरणातली खोल वाटणारी जागा कोरडीसुद्धा पडू शकते.

थर कुठं बदलतो ते बघायला काचेची बाटली घ्या. तिला खाली वजन बांधा, तोंडाला जरा सैलच बसणारं बूच लावा आणि बुचाला वेगळी सुतळी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की सुतळीला हिसका द्या, बूच निघतं, बुडबुडे येतात, बाटली भरते. लगेच वर ओढा आणि साध्या थर्मामीटरनं पाणी मोजा. प्रत्येक वावेला असं एकदा केलं की कुठं पाणी एकदम गार होतं ते कळतं. बाटलीतल्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजा, त्या खोलीला मासा नाही. पाच-सहा वावेच्या खाली मात्र पाण्याच्या दाबानं बूच घट्ट बसतं, हिसका जोरात द्यावा लागतो.

आता जाळं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगल तळाला, हे ठोकळ गणित आहे. शिंगटा आणि वाम तळाच्या आसपास, शिवडा भक्ष्यामागं कुठंही फिरतो. चिलापीसाठी मात्र खोल जायची गरजच नाही. ती उथळात खड्डे करून पिल्लं वाढवते आणि उजनीत तीच जास्त सापडते. कशासाठी जाळं लावताय हे आधी ठरवा, मग खोली.

खोली बदलायला नवं जाळं लागत नाही, लागते फक्त सुतळी. जाळ्याच्या वरच्या दोरीला बोया थेट बांधलेल्या असतील तर जाळं पाण्याच्या वरच्या अंगाला राहतं. त्याच बोयांना दोन-तीन वाव सुतळी देऊन वरची दोरी खाली लटकवा, की जाळं मधल्या पाण्यात उतरतं. यासाठी खालची शिशाची ओढ वरच्या दोरीवरच्या छोट्या भेंड्यांपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे जाळं खाली उतरेल, पण मोठ्या बोयांना बुडवणार नाही. घरी हौदात किंवा विहिरीत दोन हात तुकडा टाकून बघा, लगेच कळतं. सगळ्या बोयांना एकदम तीन वाव देण्याऐवजी एका टोकाला एक वाव आणि दुसऱ्या टोकाला पाच वाव द्या. जाळं तिरकं उभं राहील. सकाळी मासा कुठल्या भागात अडकलाय ते बघा. दोन रात्रींत त्या आठवड्याची खोली कळते, आणि यात खर्च फक्त सुतळीचा.

दोरी घेतानाही लक्ष द्या. तंगूस म्हणजे नायलॉन पाण्यापेक्षा थोडा जड असतो, तो हळूहळू बुडतो. प्लॅस्टिकची ती पिवळी-निळी दोरी पाण्यापेक्षा हलकी असते, तरंगते. ती वरच्या अंगाला चांगली, पण खालच्या शिशाच्या दोरीला लावली तर शिसं जास्त लागतं.

आसाचं एक सांगायलाच हवं. लहान आसाचं जाळं घातलं की लगेच किलो भरतात, पण पाव किलोचा रोहू विकून पुढच्या वर्षीचा दीड किलोचा घालवतो आपण. शेजारचा घालतो म्हणून मी घालतो, ही गोष्ट सगळ्या काठावर चालू आहे आणि नुकसान सगळ्यांचंच होतंय. तुटलेलं तंगूसाचं जाळंही पाण्यात सोडू नका. ते कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे आणि पाणकावळे मारत राहतं.

ज्यांच्याकडे जाळं नाही, किंवा शिवडा-शिंगट्यासारखा शिकारी मासा हवाय, ते होडीमागून गळ ओढतात. मोबाईलवर दिसणारे व्हिडिओ बहुतेक याचेच. ते अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांतले असतात. तिथला ट्राउट आणि सामन थंड पाण्यातला मासा, उन्हाळ्यात तो शंभर फुटांवरसुद्धा जातो, म्हणून त्यांना तसलं सामान लागतं. आपले मासे गरम पाण्याला सरावलेले. ते सामान जसंच्या तसं इथं आणण्यात अर्थ नाही, त्यातली युक्ती मात्र घेण्यासारखी आहे.

युक्ती अशी. होडी चालली की पाणी दोरीला मागं रेटतं आणि गळ वर उचलला जातो. वेग जितका जास्त, तितका गळ वर. दोरी जितकी जाड, तितका रेटा जास्त. म्हणून खोल जायचं तर तीन गोष्टी: दोरी बारीक, वजन पुरेसं, वेग कमी. यातली वेगाची गोष्ट फुकट आहे आणि तिच्याकडंच कुणी बघत नाही. इंजिन बंद करून वल्ह्यावर चाललात तर पाव किलोच्या शिशात काम होतं. इंजिनावर तेवढंच शिसं पाण्याच्या वरच्या अंगालाच फरफटत येईल.

बांधायचं असं: मुख्य दोरीला फिरकी, फिरकीच्या एका कडीला चार-पाच फूट तंगूस आणि गळ, दुसऱ्या कडीला दोन फूट दोरीवर शिसं. शिशाची दोरी मुद्दाम कमजोर ठेवा. पलसदेवच्या बाजूला पाण्याखाली जुनं देऊळ आहे, इतर गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, वठलेल्या बाभळी अजून आहेत. शिसं अडकलं तर तेवढंच तुटावं, सगळा सरंजाम जाऊ नये. शिवड्याला दात असतात, त्याच्यासाठी गळाच्या वर वीतभर बारीक पोलादी तार हवी.

लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा वापरत असाल तर त्याच्या तोंडाखालची पट्टी बघा. पट्टी मोठी आणि पुढं आडवी असेल तर तो खोल बुडी मारतो. छोटी आणि उभी असेल तर वरच्या पाण्यातच पोहतो. पाकिटावर लिहिलेली खोली ठराविक जाडीच्या दोरीवर आणि ठराविक लांबी सोडल्यावर मिळते. तुमची दोरी जाड असेल तर ती मिळणार नाही.

यापेक्षा खोल जायचं तर तिकडं एक यंत्र वापरतात: चार-साडेचार किलोचा शिशाचा गोळा, तारेची गरारी, आणि गळाची दोरी पकडणारा चिमटा. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा वेगळा राहतो आणि मासा हलक्या दोरीवर खेळवता येतो. हे घरी होतं. जुन्या डब्यात कडी घालून काँक्रीट ओता, दोन-तीन किलोचं वजन होतं. त्याला वावेच्या गाठी मारलेली नायलॉनची दोरी बांधा आणि वजनाच्या जरा वर कपड्याचा चिमटा. चिमट्यात गळाची दोरी अडकवून दोन्ही बरोबर खाली सोडा. काँक्रीट शिशापेक्षा बरंच हलकं असल्यानं पाण्यात त्याची ओढ कमी पडते, म्हणून वेग अगदी बेताचा हवा.

वजन किती खोल आहे ते दोरीच्या कलावरून कळतं. सरळ खाली असेल तर जितकी दोरी तितकी खोली. अर्धी कललेली, म्हणजे ४५ अंशावर असेल तर १०० फूट दोरीला साधारण ७० फूट. दोरी पाण्यात बाक घेते, त्यामुळं वजन यापेक्षा थोडं खालीच असतं. पक्कं करायचं तर ओळंब्यानं मोजलेल्या उथवट्यावरून चालवा आणि कुठं तळाला घासतं ते बघा.

गाभ्यात शिसं असलेली दोरीही बाजारात मिळते. तिचा रंग दर ३० फुटांवर बदलतो आणि हळू वेगात एका रंगाला साधारण ५ फूट खोली धरतात. पण ती जाड, महाग, आणि तिला मोठी चरखी लागते. माझ्या मते आपल्याकडं हा खर्च निघत नाही. मासा दाखवणारं आवाजाच्या लहरींचं यंत्र त्यापेक्षा कामाचं. पाण्यावर तरंगणारा गोळा आणि पडदा म्हणून मोबाईल, असंही मिळतं. पाच-सहा जणांनी मिळून एक घेतलं तर परवडेल. पण ते मासा दाखवतं, जात सांगत नाही. आणि मोबाईल पाण्यात पडला तर तो खर्च वेगळा.

एक गोष्ट जिवाची आहे. जड वजनाची दोरी हाताला गुंडाळू नका, कमरेला तर कधीच नाही. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून वजन ओढू नका. तळाला अडकलं आणि इंजिन चालू राहिलं तर होडी त्या बाजूला कलंडते. दोरी अशी बांधा की एका हातानं सुटेल, आणि कोयता पायाशी ठेवा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती, पण वारा मासेमारीची होडी कोणती ते बघत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं की जाळं तिथंच सोडून काठ गाठा. लाईफ जॅकेट उकडतं, कबूल आहे, पण घाला.

शिंगटा गळातून सोडवताना कल्ल्यामागचा काटा सांभाळा. लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, ठणका कमी होतो. सूज वाढली तर दवाखान्यात जा.

धरणातल्या मासेमारीला परवाना लागतो आणि पावसाळ्यात, मासा अंडी घालतो त्या काळात, बंदी असते. यंदाच्या तारखा आणि किती आसाचं जाळं चालतं हे आपल्या मच्छीमार संस्थेत किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, आणि ते जाळं विकत घेण्याआधी विचारा, नंतर नाही.