एबीसी सिलिंडर सगळ्या आगींना चालत नाही

हॉटेलचं स्वयंपाकघर असो, कारखाना असो की रुग्णालय, आगीची काय सोय आहे असं विचारलं की भिंतीवरच्या लाल सिलिंडरकडे बोट दाखवून उत्तर मिळतं, "एबीसी आहे ना, सगळ्याला चालतो." नाही चालत! किती वेळा सांगायचं?

या सिलिंडरमध्ये मोनो अमोनियम फॉस्फेटची कोरडी पावडर असते. 'ए' म्हणजे लाकूड, कागद, कापड. 'बी' म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखे द्रव. 'सी' म्हणजे ज्वलनशील वायू. कढईतलं पेटलेलं तेल या तिन्हींपेक्षा वेगळं वागतं. तळण साधारण 180 अंशांना होतं. तेल आपोआप पेटतं तोवर ते साडेतीनशेच्या आसपास पोचलेलं असतं. पावडरीनं ज्वाळा बसते, पण तेल थंड होत नाही. काही क्षणांत ते पुन्हा भडकतं. शिवाय जवळून मारलेल्या फवाऱ्याच्या जोरानं पेटतं तेल बाहेर उडतं, ते वेगळंच. इथे वेट केमिकल सिलिंडरच हवा. त्यातलं पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण तेलावर साबणासारखा थर धरतं आणि तेल निववतंही. पाणी तर अजिबात नको. त्याची क्षणात सतराशे पट वाफ होते आणि तेल छतापर्यंत उसळतं.

विजेच्या पॅनेलवर एबीसी चालतो, पण पावडर आतली यंत्रणा खराब करते. तिथे सीओटू बरा. मात्र बंद खोलीत तो माणसालाही गुदमरवतो. मॅग्नेशियमचा भुगा पेटला तर सीओटूही निरुपयोगी, कारण मॅग्नेशियम त्या वायूतही जळतं. त्यासाठी 'डी' वर्गाची खास पावडर लागते. आयसीयूत ऑक्सिजन वाहता असेल तर आधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा.

असे गैरसमज आणखीही ऐकू येतात. "फोम विजेवर चालतो." चालत नाही, त्यात पाणी असतं.

"सीओटूला दाबाचा काटा नाही, म्हणजे तो बिघडलाय." त्याला काटा नसतोच, तो वजनावरून तपासतात. वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की तो पुन्हा भरून घ्यायचा.

"काटा हिरव्यात आहे, म्हणजे झालं." काटा फक्त दाब सांगतो, आत गोठलेली पावडर नाही.

महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतमालकानं परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. हॉटेलवाल्यांनो, येत्या तपासणीला एवढंच विचारा: तळणीच्या भट्टीजवळ वेट केमिकल आहे का? नसेल तर आजच मागवा.