फ्रान्समध्ये मोटरहोम रात्री कुठे लावाल?

महामार्गालगतच्या विश्रांतीथांब्यांवर दिवसा खुशाल जेवा, पण रात्री झोपू नका. चोरांची नजर अशाच गाड्यांवर असते. त्यापेक्षा गावाकडे वळा. बऱ्याच गावांत मोटरहोमसाठी राखलेल्या जागा असतात. त्यांना ‘एर’ म्हणतात. पाणी भरण्याची, सांडपाणी ओतण्याची सोयही बहुधा तिथेच मिळते.

सर्वांत आपुलकीची सोय मात्र ‘फ्रान्स पासियों’ या योजनेची. वार्षिक सभासदांना द्राक्षमळेवाले आणि शेतकरी आपल्या आवारात २४ तास मोफत मुक्काम करू देतात. गाडीत स्वतःचं शौचालय हवं. अंधारापूर्वी पोहोचून यजमानांना भेटावं. खरेदीची सक्ती नाही, तरी त्यांच्याकडचं थोडं चीज घ्यावंच, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्याकडेला थांबलात तर खुर्च्या, छत बाहेर काढू नका. ते कॅम्पिंग ठरतं.