तांबोशीचं लॅटिन नाव

लोणारच्या काठावर, कमळजा देवीच्या देवळाजवळ, चिखलात पाय रुतलेले असताना मी काकांना विचारलं होतं, "एवढं पाणी आहे, मग मासे का नाहीत?" काका म्हणाले, "खारं आहे ना रे बाबा." समुद्रही खाराच असतो हे शाळेत कळलं आणि ते उत्तर मला पुरेना. खरा अडसर मिठाचा नव्हता, सोड्याचा होता. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. इतक्या अल्कधर्मी पाण्यात माशाला अंगातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकणं जमत नाही. केनियातल्या मगाडी सरोवरातल्या इवल्याशा तिलापियाने अमोनियाऐवजी युरिया टाकायची वाट काढली आहे. आमच्या सरोवरात तेव्हा असं कुणी नव्हतं.

समुद्रापासून सरळ रेषेत जवळपास 400 किलोमीटरवर वाढलेल्या मला उथळ खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड लागलं ते असं. त्या वेडातूनच पुढे उष्ण समुद्रांतल्या फ्लाय फिशिंगपाशी पोचलो. गरीवर पिसं आणि धागे बांधून कोळंबी करायची आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. आधी मासा डोळ्यांनी दिसला पाहिजे, मगच दोरी फेकायची. बोनफिश डोकं खाली घालून वाळू उकरतो तेव्हा त्याचं चंदेरी शेपूट पाण्यावर येतं. सावली पडली की पसार. मासेमारीच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत सभ्य वाटतो, कारण यात पाहणं आधी येतं.

या माशांची शास्त्रीय नावं चाळताना एक आडनाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं. बोनफिशची एक जात, अल्बुला ग्लॉसोडोंटा: फोर्सकॉल, 1775. ग्लॉसोडोंटा म्हणजे जिभेवर दात असलेला. त्याच दातांनी तो खेकडे भरडतो. जायंट ट्रेव्हली, जिच्यासाठी लोक सेशेल्सपर्यंत जातात, तीही फोर्सकॉलची. तिला त्याने नाव दिलं 'इग्नोबिलिस', म्हणजे अकुलीन! मिल्कफिश त्याचाच. आपल्या कोकणच्या खाड्यांतली तांबोशीसुद्धा त्याचीच.

पेटर फोर्सकॉल हा लिनियसचा विद्यार्थी आणि भलताच हट्टी माणूस. 1759 साली त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. सरकारने तिच्यावर लगेच बंदी घातली, आणि वाटलेल्या प्रती परत गोळा करायचं काम आलं उप्साला विद्यापीठाचा तेव्हाचा रेक्टर असलेल्या खुद्द लिनियसवर. पुढे लिनियसने एका चिवट, अंगाला चिकटणाऱ्या झुडपाला त्याचं नाव दिलं: फोर्सकाओलिया टेनासिसिमा. गुरूने शिष्याला बरोबर ओळखलं होतं.

जानेवारी 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांत तो होता. तांबड्या समुद्राकाठी त्याने मासे जमवले आणि वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सवयीने टिकवले. माशाची एका बाजूची कातडी सोलायची, वाळवायची आणि पानाफुलांसारखी कागदावर दाबून चिकटवायची. हे अर्धे मासे कोपनहेगनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आजही आहेत. त्यांची छायाचित्रं मी तासन्‌तास पाहिली आहेत. पर अगदी पंख्यासारखे उलगडून ठेवलेले. खवले पिवळे पडलेत, पण मोजता येतात.

त्याचा मोठेपणा मला दिसतो तो नावांत. तो अरबी बोलायचा. कोळ्यांना नावं विचारायचा आणि कित्येकदा तीच शास्त्रात घ्यायचा: बोहार, हरीद, सोहल, घोब्बान. 11 जुलै 1763 रोजी येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने तो गेला. वय फक्त 31.

उरलेल्यांनी मोखाहून जहाज धरलं. चित्रकार आणि नोकर वाटेतच वारले. सप्टेंबरमध्ये जहाज मुंबईला लागलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत डॉक्टरही तिथेच गेला. उरला एकटा कार्स्टन नीबुर, मोजणीदार. त्याने घारापुरीला पुन्हा पुन्हा जाऊन लेणी मोजली, नकाशे काढले. 1767 मध्ये तो कोपनहेगनला परतला आणि मित्राची टिपणं 1775 साली त्यानेच छापून आणली. ती छापली गेली नसती तर फोर्सकॉलचं माशांवरचं काम आज कुणालाच ठाऊक नसतं.

पण दोन महिने! फोर्सकॉल दोन महिने आणखी जगता तर मुंबईच्या कोळीवाड्यांत उतरता, टोपलीतल्या माशावर बोट ठेवून नाव विचारता. आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांना पुढे असा माणूस भेटला, कर्नल साइक्स. त्याने दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदले आणि मराठी नावं थेट लॅटिनमध्ये नेली. महासीरची 'खुद्री' 1839 पासून जगभर त्याच नावाने ओळखली जाते. शिंगटीही तशीच. खाऱ्या पाण्याच्या वाट्याला मात्र तो योग आला नाही.

गेल्या हिवाळ्यात घारापुरीच्या धक्क्यावर उभा होतो. ओहोटी होती, चिखल दूरवर उघडा पडला होता. एका पोराने हातदोरीने वीतभर लालसर मासा वर ओढला. ओळखीचा होता, तरी विचारलं, "कोणता रे हा?"

"तांबोशी," तो म्हणाला आणि गरी काढायला खाली वाकला.

मी वहीत ते नाव लिहिलं. खाली तारीख घातली.