जपानी म्हणावी अशी इमारत

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस एक साधा प्रश्न विचारला : समकालीन जपानी वास्तुकला आणि जागतिकीकरण या विषयाचा अभ्यास करणारा मनुष्य आयुष्यभर नेमके करतो तरी काय? गावी गेलो की हाच प्रश्न अधिक रोखठोक शब्दांत कानी येतो. "एवढे शिकलात, मग घरे बांधता की नाही?" घरे आम्ही बांधत नाही. बांधलेली घरे कोणी, कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या कल्पनेने उभी केली, हे शोधतो, लिहितो आणि विद्यार्थ्यांना शिकवितो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहिलेले आहे. नोरिको ओगावा यांच्या दानातून १९९९ साली उभी राहिलेली ही वास्तू. तेथील शांततेत बसलेला मनुष्य सहज म्हणून जातो, "अगदी जपानात आल्यासारखे वाटते." आमचा अभ्यास या वाक्यापासून सुरू होतो. एखादी वास्तू जपानी ठरते ती कशामुळे? दात्यामुळे, आराखड्यामुळे, की पाहणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या चित्रामुळे?

हे चित्र जपानने एकट्याने काढलेले नाही. १९३३ साली ब्रुनो टाऊट हे जर्मन वास्तुविशारद नाझी राजवटीपासून दूर जपानात आले. तेथील नव्या विचारांच्या वास्तुविशारदांनी त्यांना आल्याआल्याच क्योतोचा सतराव्या शतकातील कात्सुरा प्रासाद दाखविला. साधेपणा, मोकळी जागा, अलंकरणाचा अभाव हीच खरी जपानी परंपरा, असे टाऊट यांनी पुढे ठासून लिहिले. झगमगीत सोनेरी नक्षीची निक्को येथील देवस्थाने मात्र त्यांना रुचली नाहीत. वस्तुतः दोन्ही जपानचीच, दोन्ही एकाच शतकातील. परंतु युरोपातील आधुनिक वास्तुकलेशी जुळणारे ते 'अस्सल' ठरले आणि उरलेले बाजूस पडले. आजही मासिकांत 'जपानी साधेपणा' हा शब्दप्रयोग दिसला की आम्हांस त्या दौऱ्याचे स्मरण होते.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा आहे. कुनिओ माएकावा १९२८ साली पॅरिसला जाऊन ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात राबले. पुढे कॉर्बुझिए यांनी टोकियोतील पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय रेखाटले. ते १९५९ साली उभे राहिले, तेव्हा प्रत्यक्ष कामाची धुरा माएकावा आणि कॉर्बुझिए यांच्याच दोन जपानी शिष्यांनी वाहिली. २०१६ साली युनेस्कोने कॉर्बुझिए यांच्या ७ देशांतील १७ वास्तू जागतिक वारसा म्हणून एकत्र नोंदविल्या. त्या यादीत हे संग्रहालय आणि आपल्या चंदीगडचे कॅपिटॉल संकुल शेजारी शेजारी आहेत.

या क्षेत्रातील सर्वांत अवघड धडा आम्हांस केन्झो तांगे यांच्याकडून मिळाला. हिरोशिमाचे शांती स्मारक हे त्यांचे काम. स्तंभांवर उचलून धरलेले संग्रहालय, त्याच्या मध्यातून स्मृतिशिलेच्या कमानीकडे आणि तेथून अणुबॉम्बने पोळलेल्या घुमटाकडे जाणारी सरळ रेषा. अनेक वर्षे आम्हीही हे स्मारक केवळ भक्तिभावाने पाहिले. नंतर १९४२ सालचा आराखडा समोर आला. जपानी साम्राज्याच्या 'बृहत् पूर्व आशिया' संकल्पनेच्या स्मारकासाठी झालेली ती स्पर्धा तरुण तांगे यांनी जिंकली होती. फुजी पर्वताच्या पायथ्याशी, इसे येथील प्राचीन देवस्थानाच्या छपराची आठवण देणारी वास्तू आणि तिच्याकडे नेणारा भव्य अक्ष. ते स्मारक बांधले गेले नाही. परंतु दोन्ही आराखडे शेजारी ठेवले की एकाच हाताची रेघ ओळखू येते. साम्राज्याची आणि शांततेची भाषा एकच निघावी, हे पचविणे सोपे नाही. यावरून हिरोशिमाच्या स्मारकाचे मोल कमी होते असे आम्ही मानत नाही. परंतु 'परंपरा' हा शब्द कोणी उच्चारला की तो कोणाच्या बाजूने उच्चारला जात आहे, हे विचारण्याची सवय आम्हांस त्या दोन कागदांनी लावली.

जागतिकीकरणाचे अलीकडचे उदाहरण टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागाराचे. २०१२ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत झाहा हदीद यांचा आराखडा निवडला गेला. बगदादमध्ये जन्मलेली, लंडनमध्ये काम करणारी ही स्त्री. वास्तूचा आकार परिसराला जड होईल, असा आक्षेप घेत ज्येष्ठ वास्तुविशारद फुमिहिको माकी यांनी विरोध उभा केला. खर्चाचा अंदाज २५२ अब्ज येनपर्यंत चढला आणि २०१५ च्या जुलैत सरकारने आराखडा रद्द केला. त्याच वर्षअखेर केन्गो कुमा यांचा आराखडा स्वीकारला गेला. ४७ही प्रांतांतील लाकूड त्यांनी छज्जांवर त्या त्या प्रांताच्या दिशेनुसार लावले.

एवढ्यावर लेख संपविणारे अनेक आहेत. परंतु काँक्रीट ओतताना लागणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लायवुडचा माग पर्यावरण संघटनांनी काढला, तेव्हा तो मलेशियातील पर्जन्यवनांपर्यंत पोचला. दर्शनी लाकूड देशी, आणि काम झाल्यावर काढून टाकायचे लाकूड परक्या जंगलातले! याच कामावरील एका २३ वर्षांच्या तरुण कर्मचाऱ्याने २०१७ साली आत्महत्या केली आणि ती अतिश्रमामुळे झाल्याचे श्रम खात्याने मान्य केले. ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी बांधकामावर राबलेले आहे, अशा आपल्या वाचकांना हा तपशील वास्तुकलेच्या बाहेरचा वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

मुंबईचाही या कथेत एक धागा आहे. १९६९ च्या सुमारास पेरूची राजधानी लिमा येथे गरिबांच्या वसाहतीसाठी देशोदेशींच्या वास्तुविशारदांकडून आराखडे मागविले गेले. त्यांत जपानचे किकुताके, माकी व कुरोकावा होते आणि मुंबईचे चार्ल्स कोरियाही होते. कुटुंब वाढेल तसे घर वाढावे, ही कल्पना तेथे अनेक भाषांतून एकाच वेळी मांडली गेली.

आता वाटेविषयी थोडे. वास्तुकलेची पदवी ५ वर्षांची. इतिहास वा जपानी भाषा घेऊन आलेल्यांनाही हे दार बंद नाही. मात्र भाषा हवीच. नित्य वापराची अधिकृत चिन्हे २,१३६. परीक्षेचे टप्पे पाच, सोप्या एन ५ पासून कठीण एन १ पर्यंत. इंग्रजीवर भागवू पाहणाऱ्यास तेच छायाचित्र आणि तेच गुणगान पुन्हा पुन्हा भेटते. १९२५ पासून निघणाऱ्या 'शिनकेंचिकु' मासिकाचे जुने अंक मुळातून चाळले की वाद, भांडणे आणि पश्चात्तापही भेटतात. पुण्यात जपानी शिकण्याची सोय जुनी आहे, ही आपल्या मुलांसाठी मोठीच जमेची बाजू. बोटोंड बोग्नार यांचे उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो : हंगेरीत जन्म, टोकियोत उच्च अभ्यास, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अध्यापन, आणि १९८५ साली समकालीन जपानी वास्तुकलेवरील त्यांचा मोठा ग्रंथ. जपानशी रक्ताचा संबंध नसलेल्या मनुष्याने हे केले. पैसा या वाटेवर उशिरा आणि बेताचाच येतो, हे पालकांपासून लपवू नये.

आमच्या वर्गात शेवटचा पाठ नाकागिन कॅप्सूल टॉवरचा असतो. किशो कुरोकावा यांनी १९७२ साली टोकियोत उभारलेली ही इमारत म्हणजे दोन मनोऱ्यांवर बोल्टांनी जोडलेल्या १४० पेट्या. प्रत्येक पेटी म्हणजे एक खोली, गोल खिडकीची. साधारण २५ वर्षांनी जुनी पेटी काढून नवी बसवावी, ही योजना. एकही बदलली गेली नाही. एक काढायची तर इतरांना हात लावावा लागे, आणि मालकांचे एकमत होईना. २०२२ साली ती उतरविण्यास आरंभ झाला. २३ पेट्या जतन करण्यात आल्या. त्यांतील एक आता सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. जेथे बदलण्यासाठी बनविली तेथे ती बदलली नाही. इमारत संपल्यावर मात्र समुद्र ओलांडून गेली. ती पेटी आता जपानी म्हणायची का, हा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहितो आणि तास संपतो.